यंदा नाही जमणार

उन्हाळ्याची सुट्टी सुरू होऊन दोनेक आठवडे झाले की पालकांच्या बोलण्यात एक वाक्य हटकून येतं, "मुलांना कुठे नेलंच नाही हो अजून." त्याच्या पाठोपाठ दुसरं, "आणि जवळपास कुठे नेलं तर भांडूनच परत येतो." खरी काळजी याच्याही मागे असते. ती बहुतेकदा उठता उठता, दाराशी बोलली जाते : मोठी झाल्यावर मुलांना काय आठवेल? आईबाबांनी घरी बसवून ठेवलं, एवढंच ना?

ज्या कुटुंबाबद्दल सांगणार आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील बदलले आहेत. आई घरूनच हिशेबाचं काम करते. बाबांनी नुकतीच नोकरी बदललेली, त्यामुळे लांबलचक रजा मिळण्याचा प्रश्नच नाही; मधले काही महिने पगाराविना गेल्याने हातही आखडलेला. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा आणि घरात आजी, गुडघ्यांमुळे फार चालू न शकणाऱ्या. माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आई एकटीच आली. मुलगी चिडचिडी झालीय, दिवसभर "कंटाळा आलाय" चालू असतं, मैत्रिणी फिरायला गेल्यात म्हणून धुसफुसते. तिला काही मानसिक त्रास तर नाही ना, हे आईला विचारायचं होतं.

ते आधी तपासलंच पाहिजे. एरवी आवडणाऱ्या गोष्टींवरून मन उडालं, झोप आणि भूक बिघडली, मूल माणसं टाळायला लागलं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर त्याला सुट्टीचा कंटाळा म्हणून सोडून देऊ नये, तज्ज्ञाला दाखवावं. इथे तसं काही नव्हतं. मुलगी नीट झोपत होती, चित्रं काढत होती, भावाशी तावातावाने भांडत होती. तावातावाने भांडणाऱ्या मुलाची मला फारशी भीती वाटत नाही. गप्प झालेल्याची वाटते.

मग मी आईला मागच्या रविवारी काय झालं ते सुरुवातीपासून सांगायला लावलं. आठला निघायचं ठरलं होतं, निघाले साडेदहाला. आधी संग्रहालय, मग तळं, मग मोठी बाग, येताना थोडी खरेदी.

"एवढं सगळं एकाच दिवशी?"

"लांब कुठे नेत नाही, मग निदान जवळचं तरी सगळं दाखवावं, असं वाटलं मॅडम."

तळ्यावर पोचेपर्यंत ऊन मध्यावर आलेलं. धाकट्याने जमिनीवर बसकण मारली. बाबांचा फोन वाजत राहिला. आई मुलीला "जरा हस की" म्हणत फोटो काढत होती आणि मुलगी "मला घरी जायचंय" एवढंच म्हणत होती. शेवटी आईच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्यासाठी एवढा जीव काढतोय, तुम्हाला त्याचं काही आहे का?" परतीच्या वाटेवर कुणी कुणाशी बोललं नाही.

"अख्ख्या दिवसात कुणाला काहीच आवडलं नाही?"

आई जरा आठवून म्हणाली, "जाताना रस्त्यात एक जेसीबी खड्डा खणत होता. धाकटा तिथे खिळून उभा होता. पण संग्रहालयाला उशीर होईल म्हणून आम्ही त्याला ओढत नेलं."

यातला उन्हाचा भाग पटकन संपवते, कारण त्यात मानसशास्त्र फार नाही. उन्हाचा आणि अतिनील किरणांचा जोर साधारण सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात सर्वाधिक असतो. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, आणि खेळाच्या नादात त्यांना तहान कळत नाही. भर दुपारी सहा वर्षांचं मूल बसकण मारतं तेव्हा ते हट्टी नसतं, दमलेलं आणि तापलेलं असतं. सकाळी लवकर निघावं नाहीतर सरळ संध्याकाळी, आणि मुलांनी मागायच्या आधी पाणी द्यावं. चक्कर, उलटी, असंबद्ध बोलणं असं काही दिसलं तर लगेच सावलीत नेऊन अंग गार करावं आणि डॉक्टर गाठावा. सहलीतली निम्मी भांडणं नुसती वेळ बदलली तरी मिटतात, असा माझा अनुभव आहे. उरलेली निम्मी मात्र मिटत नाहीत.

पुढच्या भेटीला मुलगी आली. चित्र काढता काढता बोलत होती. तिला कुठे जायचं होतं, हे मी विचारलं तर तिच्याकडे ठिकाणच नव्हतं. डोंगर, समुद्र, बर्फ, कशाचंही नाव तिने घेतलं नाही. तिचं दुःख वेगळंच निघालं. "शाळा सुरू झाली की सगळ्या सांगतात. माझ्याकडे सांगायला काहीच नसतं." आणि थोड्या वेळाने, मान वर न करता, "बाबा म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू. मग पुढच्या महिन्यात पण बघूच म्हणतात." शिवाय आई फिरायला गेल्यावर सारखं विचारते, "मजा येतेय ना?" त्याला काय उत्तर द्यायचं ते तिला कळत नाही. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर आईचा चेहरा पडतो.

दहा वर्षांच्या मुलीने हे इतकं नेमकं सांगावं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

बाबा नाराजीनेच आले. "सुट्टीत कुठे फिरायला जायचं यासाठी समुपदेशन?" असं त्यांनी स्पष्टच विचारलं. प्रश्न रास्त होता. आठवड्याची एकच सुट्टी, तीही गर्दीत गाडी चालवण्यात जाते, आणि घरी आल्यावर पुन्हा सगळे नाराज, हे त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. मी फक्त "बघू" बद्दल विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही म्हणायला जीव होत नाही. नोकरी बदलताना मुलांना म्हणालो होतो, आता मज्जा करू. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

या घरातली गाठ इथे होती. मोठी सहल होणार नव्हती, हे आईला, बाबांना आणि आजींनाही ठाऊक होतं. मुलांना मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे जवळच्या प्रत्येक ठिकाणाला त्या न झालेल्या सहलीचं ओझं वाहावं लागत होतं. दर रविवार म्हणजे थकलेल्या कर्जाचा एकेक हप्ता. हप्ता भरून झाला की आई मुलांच्या चेहऱ्यावर पावती शोधायची, "मजा येतेय ना?" आणि मुलांना तर अजून मूळ रक्कमच येणार असं वाटत होतं.

मुलांना "नाही" झेपतं. न झेपणारी गोष्ट म्हणजे लांबणारं "बघू". "नाही" ऐकल्यावर मूल रडतं, रागावतं, आणि पुढे सरकतं. "बघू" ऐकल्यावर ते वाट पाहत बसतं, आणि वाट पाहणाऱ्या मुलाला समोरची बाग दिसत नाही. पालकांना वाटतं आपण त्याचं मन जपतोय. स्पष्ट सांगायचं तर, आपण आपलंच मन जपत असतो. त्याचा रडवेला चेहरा आपल्याला बघवत नाही, म्हणून.

कसं सांगायचं, यावर आमचं बरंच बोलणं झालं. बाबांच्या पहिल्या मसुद्यात "सॉरी" फार वेळा होतं. मूल शब्दांपेक्षा आवाज जास्त ऐकतं; बाबा खूप अपराधी दिसले तर त्याला वाटतं की नक्कीच काहीतरी भयंकर घडलंय. अखेर ठरलं ते एवढंच : "यंदा लांब फिरायला जाणं जमणार नाही. मला रजा नाही आणि या वर्षी पैसेही जपून वापरायचे आहेत. घरात काळजी करण्यासारखं काही नाही. तुला वाईट वाटलं तर ते साहजिक आहे." आणि त्यानंतर लगेच "पण आपण ना..." म्हणून आमिष दाखवायचं नाही. तिला वाईट वाटायला थोडा वेळ द्यायचा.

मुलगी रडली. "तू खोटं बोललास" असंही म्हणाली, आणि बाबांनी ते ऐकून घेतलं. हे त्यांना अवघड गेलं असणार. धाकट्याने विचारलं, "मग जेसीबी बघायला जायचं का?"

पुढचं ठरवायला मी फार नियम दिले नाहीत. एका वेळी एकच ठिकाण. दोन-तीन पर्याय आईबाबांनी ठेवायचे, त्यातलं निवडायचं मुलांनी, आळीपाळीने. फोटो काढायचे असतील तर मुलीने काढायचे. "मजा येतेय ना" हा प्रश्न बंद. आणि मुलांना अजून थोडं थांबायचं असेल, तेव्हाच तिथून परत निघायचं.

शेवटच्या मुद्द्यावर बाबा अडले. एवढं जायचं आणि तासाभरात परत? म्हणून मी त्यांना एक प्रयोग सांगितला. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली तो प्रसिद्ध केला. लोकांना एकदा 60 सेकंद 14 अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद, आणि वर आणखी 30 सेकंद, ज्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत येत होतं. म्हणजे गारच, पण किंचित सुसह्य. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, जास्त वेळेचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. अनुभव किती वेळ चालला यापेक्षा त्यातला सर्वात तीव्र क्षण आणि त्याचा शेवट आठवणीवर जास्त ठसा उमटवतो. प्रयोग मोठ्या माणसांवरचा आणि दुखण्याबद्दलचा आहे, मुलांच्या सहलींवरचा नाही, हे मी बाबांना सांगितलं. पण त्यांचा प्रत्येक रविवार रडारडीवर संपत होता, आणि तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहत होतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

मुलीने पहिल्यांदा जे निवडलं ते ऐकून आईला हसावं की रडावं कळेना. बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं. मध्ये कुठे उतरायचं नाही. सकाळी सातची बस, जवळजवळ रिकामी. मुलगी वहीत थांब्यांची नावं लिहीत गेली, धाकटा खिडकीला नाक लावून बसला, आणि परतताना खिडकीवरून दोघांचं भांडण झालंच. घरी आल्यावर तिने त्या मार्गाचा नकाशा काढला. पुढच्या खेपेला धाकट्याचा नंबर होता, म्हणजे जेसीबी. नंतर रेल्वेच्या पुलावर उभं राहून गाड्या बघणं, आणि मग पुन्हा तीच बस.

"तेच तेच काय बघायचं?" हा बाबांचा प्रश्न. मोठ्यांना पुन्हा गेलं की वाया गेल्यासारखं वाटतं. मुलांचं उलट असतं. दुसऱ्यांदा जाताना पुढे काय येणार हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे तिथे तीच मोठ्यांना वाट दाखवतात. एरवी दिवसभर मोठ्यांच्या मागे फरफटणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला "बाबा, आता वळण येईल बघ" म्हणता येणं ही लहान गोष्ट नाही.

आजींना मी यात मुद्दाम ओढलं. त्या येऊ शकत नव्हत्या, म्हणजेच त्यांना सगळं सांगावं लागणार होतं. रॉबिन फिवुश आणि इलेन रीस यांच्यासारख्या संशोधकांनी पालक-मुलांच्या गप्पांचा बराच अभ्यास केला आहे. घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मोकळे प्रश्न विचारत, तपशिलात भर घालत जे पालक बोलतात, त्यांच्या मुलांच्या आठवणी अधिक भरीव होतात, असं त्यातून दिसतं. "मजा आली का?" याचं उत्तर हो किंवा नाही. "बसमध्ये कोण कोण होतं गं?" याचं उत्तर अर्धा तास चालतं. आजींना हे कुणी शिकवावं लागलं नाही. कंडक्टर कसा होता, शेवटच्या थांब्यावर काय होतं, ड्रायव्हर तिथे काय करत होता, हे विचारून विचारून त्यांनी मुलीकडून एवढं वदवून घेतलं की धाकटा मध्ये मध्ये चुका दुरुस्त करू लागला. सांगायला काहीच नसतं, असं म्हणणारी हीच मुलगी.

कंटाळा मात्र गेला नाही. दुपारी तीनला "कंटाळा आलाय" अजूनही ऐकू येतं, आणि त्यावर आईने काही करू नये असंच मी सुचवलं. पाच मिनिटांत तोडगा काढून देणारी आई असली की मुलाला तोडगा शोधायची गरज उरत नाही. डॉनल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकांनी गेल्या शतकाच्या मध्यावर म्हटलं होतं की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते. तान्ह्या बाळांबद्दलचं ते बोलणं उन्हाळ्याच्या दुपारी दहा वर्षांच्या मुलीलाही लागू पडतं, असं मला वाटतं. आईला हे पटलं, पण जमत नाही म्हणाली. आवाज आला की हातातलं काम सोडून ती उठतेच. मग ठरलं की उठावं, पण मुलीजवळ नुसतं बसावं, काही सुचवू नये.

सुट्टी संपत आली तेव्हा आई पुन्हा आली, नवी तक्रार घेऊन. मैत्रिणी परत आल्यात आणि मुलगी रविवारी घरच्यांसोबत यायला तयार नाही, तिला मैत्रिणीकडे जायचंय. "इतकी छान घडी बसली होती मॅडम. आता चौघं मिळून जाणंच बंद."

मी विचारलं, त्या रविवारी काय केलं मग?

"ती गेली मैत्रिणीकडे. हे आणि धाकटा खड्ड्यापाशी गेले, तर खड्डा बुजवलेला. तिथेच रोडरोलर बघत उभे राहिले म्हणे."

"आणि तुम्ही?"

"मी झोपले," आई जरा ओशाळून म्हणाली.

पुढची भेट आम्ही ठरवली नाही. बाबांनी मात्र नंतर फोन करून स्वतःसाठी वेगळी वेळ मागून घेतली. नव्या नोकरीबद्दल बोलायचं होतं.