पाचशे दोन, हळू क्वेरी आणि हरवलेली अक्षरं

प्रश्न: संध्याकाळी गर्दी झाली की साइटवर ५०२ (सर्व्हरची चूक) येतं. रॅम २ जीबीची ४ जीबी केली, तरी तेच. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपीच्या प्रोसेस चालवणारा प्रोग्रॅम) आहे.

उत्तर: रॅम वाढली, पण एफपीएमची मर्यादा जुनीच राहिली. एफपीएमच्या लॉगमध्ये 'मॅक्स चिल्ड्रेन' (एका वेळी किती पीएचपी प्रोसेस चालतील, ती मर्यादा) शोधा. मर्यादा गाठल्याचा इशारा दिसला, तर दुखणं तेच. मूळ सेटिंगमध्ये हा आकडा ५ असतो. सहावी रिक्वेस्ट रांगेत थांबते आणि रांगही भरली की एनजिनएक्सला जोडणीच मिळत नाही, म्हणून ५०२. (जोडणी झाली, पण ६० सेकंदांत उत्तर आलं नाही, तर ५०४.)

आता हिशेब. गर्दीच्या वेळी 'टॉप' (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) लावून एका पीएचपी प्रोसेसची मेमरी बघा. समजा ८० एमबी. मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि बाकीचं मिळून दीड जीबी धरलं, तर अडीच जीबी उरते. भागाकार ३१ येतो, 'मॅक्स चिल्ड्रेन' २५ ठेवा. सरळ २०० टाकू नका. रॅम संपली की लिनक्स सहसा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारतो, आणि ती बहुधा मायएसक्यूएल असते.

तरीही रांग लागली, तर प्रोसेस कशाची तरी वाट बघत अडकताहेत. एफपीएमचा स्लोलॉग (रेंगाळलेल्या रिक्वेस्टची नोंद) ५ सेकंदांवर चालू करा. कोडमधली नेमकी ओळ हाती लागेल. पुष्कळदा तिथे एसएमएस किंवा पेमेंटच्या एपीआयला (बाहेरच्या सेवेला) केलेला कर्ल कॉल, म्हणजे पीएचपीतून पाठवलेली रिक्वेस्ट, निघतो. पीएचपीच्या कर्लला एकूण वेळेची मर्यादा आपण घातल्याशिवाय नसते. १० सेकंद घाला.

प्रश्न: मायएसक्यूएलमध्ये तारखेवर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) आहे, तरी आजच्या ऑर्डर काढायला ८ सेकंद लागतात.

उत्तर: क्वेरीच्या अटीत तारखेच्या कॉलमभोवती डेट फंक्शन आहे का बघा. तसं असेल तर साधा इंडेक्स कामी येत नाही. 'आज मध्यरात्रीपासून, उद्याच्या मध्यरात्रीआधी' अशी दोन टोकांची अट लिहा. एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी कमांड) 'ऑल', म्हणजे सगळं टेबल वाचणं, जाऊन 'रेंज', म्हणजे इंडेक्समधला ठरावीक भागच वाचणं, आलं की जमलं.

प्रश्न: सर्व्हर बदलल्यावर मराठी नावांची प्रश्नचिन्हं झाली. परत मिळतील का?

उत्तर: घाईने काही दुरुस्त करू नका. आधी एका नावावर मायएसक्यूएलचं हेक्स फंक्शन चालवा; ते साठलेले बाइट दाखवतं. सगळीकडे '३एफ' (प्रश्नचिन्हाचा बाइट) दिसलं, तर टेबलात खरोखरच प्रश्नचिन्हं साठली आहेत. जुना बॅकअप हाच मार्ग. 'ई०ए४' किंवा 'ई०ए५'ने सुरू होणारे तीन-तीन बाइटचे गट दिसले, तर अक्षरं शाबूत आहेत. मग डेटाबेसशी होणाऱ्या जोडणीचा कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) 'यूटीएफ८एमबी४' करा, पान पूर्ववत दिसेल.

'सी३ए०सी२ए४' दिसलं, तर मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे. तोही परत मिळतो: कॉलम आधी लॅटिन१ या जुन्या कॅरेक्टर सेटमध्ये, मग बायनरीत, मग यूटीएफ८एमबी४मध्ये बदलायचा. हे टेबलाच्या प्रतीवर, एकाच नोंदीवर करून बघा, मगच सगळ्यांवर.