वाचक विचारतात : इतके फिरून झाल्यावर आता कुठे जावे?

प्रश्न : आम्ही उभयता परभणीत राहतो. मी गणित शिकवत होते, यजमान इतिहास शिकवत होते. दोघेही चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. काश्मीर, केरळ, राजस्थान, ईशान्य भारत, अंदमान झाले; थायलंड आणि दुबई झाले; युरोपची पंधरा दिवसांची सहलही झाली. अलीकडे मात्र नवे ठिकाणही आधी कुठेतरी पाहिल्यासारखे वाटते, आणि घरी परतल्यावर फोटो दाखवण्यापलीकडे सांगण्यासारखे फारसे उरत नाही. यजमान व्हिएतनाम म्हणतात, मुलगा जपान सुचवतो. दसरा आणि दिवाळी यांच्यामधले दहा दिवस मोकळे आहेत. आम्ही शाकाहारी आहोत, माझे गुडघे फार चढ-उतार सोसत नाहीत आणि मोठ्या गटाबरोबर आता जायचे नाही. आपण काय सुचवाल?

उत्तर : ‘आधी कुठेतरी पाहिल्यासारखे वाटते’ हे आपल्या पत्रातले वाक्य मी दोनदा वाचले, कारण भरपूर प्रवास केलेल्या अनेकांची हीच तक्रार असते. डोंगर, समुद्र आणि राजवाडे पुरेसे पाहून झाले की त्यापुढे एखाद्या जागेशी आपले काही नाते निघाले तरच ती मनात टिकते, असा माझा अनुभव आहे. आपल्यासाठी अशी जागा शोधताना मला प्रथम आठवली ती छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की, आणि तिच्यामुळे उझबेकिस्तान. आपण ताश्कंद, समरकंद आणि बुखारा या तीनच शहरांसाठी दहा दिवस द्यावेत, असे मी सुचवेन.

पाणचक्की आपण दोघांनी शाळेच्या सहलींबरोबर अनेकदा पाहिली असेल. मुले हौदात कोसळणारे पाणी पाहतात, फिरणारे जाते पाहतात आणि सहल बीबी का मकबऱ्याकडे निघते. ज्यांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे, ते बाबा शाह मुसाफिर मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे होते. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांचीही कबर त्याच आवारात आहे. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने काही किलोमीटर आणायचे, त्याच्या जोरावर जाते फिरवायचे आणि दर्ग्यातील फकीर व येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी पीठ दळायचे, अशी ती सोय होती. हे दोघे ज्या नक्शबंदी परंपरेचे सूफी होते, तिला ज्यांच्यावरून नाव मिळाले त्या बहाउद्दीन नक्शबंद यांचा दर्गा बुखारा शहराच्या वेशीबाहेर आहे. त्यांचे निधन 1389मध्ये झाले. बुखाऱ्याच्या मध्यभागी 17व्या शतकातला एक मोठा चौकोनी तलाव आहे, जुन्या तुतीच्या झाडांनी वेढलेला. त्याचे नाव ‘लब-ए-हौज’, म्हणजे हौदाचा काठ. आपला ‘हौद’ हा शब्द त्याच हौजापासून आलेला आहे, आणि त्या काठावर संध्याकाळी बसल्यावर परक्या देशात आल्यासारखे वाटत नाही.

यजमानांसाठी समरकंद महत्त्वाचे. मुघल स्वतःला तैमूरचे वंशज म्हणवीत. बाबराचा जन्म 1483मध्ये आजच्या उझबेकिस्तानातील अंदिजानचा, आणि समरकंद हातचे गेल्याची खंत त्याला आयुष्यभर होती. 1405मध्ये मरण पावलेला तैमूर तिथे ‘गुर-ए-अमीर’च्या निळ्या घुमटाखाली, गडद हिरव्या जेड दगडाखाली आहे, आणि त्याच वंशातल्या औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची साधी कबर आपल्या खुलताबादेत आहे. इतिहास शिकवलेल्या माणसाने ही दोन्ही ठिकाणे एकाच महिन्यात पाहावीत. वर्गात फळ्यावर काढलेली वंशावळ तेव्हा वेगळ्याच रीतीने समजते. बीबी का मकबऱ्याच्या घुमटाचा आणि चारबागेचा पूर्वजही याच प्रदेशातला आहे.

आपल्यासाठी मात्र समरकंदला वेगळे कारण आहे. तैमूरचा नातू उलुगबेग राज्यकर्ता होता, परंतु त्याचे मन आकाशात रमलेले होते. त्याने 1420च्या दशकात शहराबाहेर वेधशाळा बांधली आणि 1437मध्ये हजाराहून अधिक ताऱ्यांच्या स्थानांची सारणी पूर्ण केली. दुर्बीण नसलेल्या त्या काळात अचूकता मिळवायची तर उपकरण अवाढव्य करावे लागे. म्हणून त्याने सुमारे 40 मीटर त्रिज्येचा दगडी कंस उभारला आणि त्याचा खालचा भाग टेकडीत खोदून बसवला. 1449मध्ये मुलाच्या चिथावणीवरून त्याचा खून झाला, वेधशाळा उद्ध्वस्त झाली आणि तिचा जमिनीखालचा भाग 1908मध्ये सापडला. तो कंस आज डोळ्यांनी पाहता येतो. पुढे जयपूरच्या सवाई जयसिंहाने आपल्या वेधशाळा उभारताना आणि कोष्टके तयार करताना याच सारण्यांचा आधार घेतला. राजस्थानच्या प्रवासात जंतरमंतर आपण पाहिलेच असेल. त्या कथेचा आरंभ येथे आहे. रेगिस्तान चौकातल्या तीन मदरशांपैकी सर्वांत जुना, 1420मध्ये पूर्ण झालेला, हाही उलुगबेगाचाच, आणि तिथे गणित व खगोलशास्त्र शिकवले जाई. एका निवृत्त गणित शिक्षिकेने त्या अंगणात दहा मिनिटे स्वस्थ बसावे, असे मला मनापासून वाटते.

गणिताच्या ओढीने आपल्याला खिवा हे जुने शहरही पाहावेसे वाटेल, कारण भारतीय अंकपद्धतीवर लिहिणारा गणितज्ञ अल-ख्वारिज्मी तिथल्याच ख्वारज्म प्रदेशाचा होता. या वेळी तो मोह टाळावा. बुखाऱ्याहून वाळवंट ओलांडून जाण्यात जवळजवळ पूर्ण दिवस जातो, येण्यात दुसरा, आणि मग पुन्हा धावपळीची सहल होते.

व्हिएतनाम सुंदर आहे, परंतु ऑक्टोबर हा तिथल्या मध्य भागात जोरदार पावसाचा महिना असतो. जपानचा विचार पुढे जरूर करावा. मात्र तिथे साध्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो, त्यामुळे पूर्वतयारी अधिक लागते. उझबेकिस्तानात ऑक्टोबरमध्ये दिवस सुखद आणि रात्री गार असतात. स्वेटर मात्र विसरू नये. उन्हाळ्यात तिथेही आपल्या परभणीसारखाच पारा चढतो.

जेवणाचे स्पष्ट सांगणे बरे. मांसाहार हा तिथला नित्याचा आहार आहे, ‘पलोव’ हा भात मांस आणि चरबीतच शिजतो आणि सूपही बहुधा मांसाच्या पाण्यावर केलेले असते. हॉटेलात ‘गोश्तसिज’, म्हणजे गोश्त नसलेले, हा शब्द उपयोगी पडेल. भोपळ्याचे सारण भरलेला सामसा, तंदुरातली ‘नोन’ ही जाड रोटी, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही आणि दूध न घातलेला हिरवा चहा यांवर पोट व्यवस्थित भरते. समरकंदच्या सियोब बाजारात त्या दिवसांत खरबुजे, द्राक्षे आणि डाळिंबे यांची रेलचेल असते. डाळिंबाला तिथे ‘अनोर’ म्हणतात. ‘सब्जी’ म्हटले तर मात्र गाजर मिळेल. तरीही जवसाची चटणी आणि धपाटे सोबत असावेतच.

सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली गाठावी. तिथून ताश्कंदला थेट विमान आहे आणि प्रवास साधारण तीन तासांचा आहे. व्हिसा ऑनलाइन काढता येतो. ताश्कंदला एक दिवस पुरे. 11 जानेवारी 1966 रोजी लालबहादूर शास्त्रींचे निधन याच शहरात झाले, आणि तिथे त्यांच्या नावाचा रस्ता व अर्धपुतळा आहे. पुढे समरकंदला चार रात्री आणि बुखाऱ्याला तीन रात्री राहावे. ही तिन्ही शहरे ‘अफ्रोसियोब’ या जलद रेल्वेने जोडलेली आहेत. मात्र ऑक्टोबरात तिची तिकिटे लवकर संपतात, म्हणून ती विमानाच्या तिकिटांपाठोपाठ काढावीत. गुडघ्यांसाठी बुखारा सर्वांत सोयीचे, कारण जुने शहर सपाट आहे. समरकंदच्या शाह-ए-जिंदा या कबरींच्या गल्लीत मात्र बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. तिथे सकाळी, ऊन वाढण्याआधी जावे. बुखाऱ्याच्या छत असलेल्या जुन्या बाजारांत ‘अतलस’ मिळते, तेच आपल्या आजीच्या तोंडी असलेले अतलस, ढगांसारखी नक्षी असलेले रेशीम.

निघण्यापूर्वी एक दिवस काढून पाणचक्की पुन्हा पाहून यावी आणि दर्ग्याच्या आवाराचा एक फोटो छापून सोबत ठेवावा. बुखाऱ्याहून गिजदुवान सुमारे 45 किलोमीटरवर आहे. टॅक्सीने अर्ध्या दिवसात जाऊन येता येते, आणि तिथली मातीची रंगीत भांडीही प्रसिद्ध आहेत. तिथल्या एखाद्या वयस्कर माणसाला तो फोटो दाखवावा आणि त्यांच्या गावचा माणूस आमच्या मराठवाड्यात विसावला आहे, हे सांगावे. तिथे काय घडले, ते आम्हाला अवश्य कळवावे.