इमारीच्या थाळ्या आणि मुलीची फी

प्रश्न: मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या 4 लाखांतून मी मुंबईतील एका विक्रेत्याकडून 8 इमारी, म्हणजे रंगीत नक्षीच्या जपानी चिनी मातीच्या थाळ्या घेतल्या. त्या 300 वर्षे जुन्या आहेत आणि मागे इंग्रजीत ‘निप्पॉन’ असा शिक्काही आहे. फी 2 वर्षांनी भरायची आहे. याच संग्रहातील आणखी थाळ्यांसाठी 14 टक्क्यांनी 5 लाखांचे वैयक्तिक कर्ज 3 वर्षांसाठी घ्यावे का?

उत्तर: घेऊ नये. हप्ता सुमारे 17,000 रुपये आणि एकूण परतफेड 6 लाख 15 हजारांच्या आसपास होईल. परत विकताना व्यापारी दुकानातील किमतीच्या निम्मेच देईल असे धरले, तर केवळ पैसे वसूल होण्यासाठी ती किंमत 12 लाखांपुढे, म्हणजे दरसाल सुमारे 35 टक्क्यांनी वाढावी लागेल. अशा आशेवर कर्ज काढणे मला मुळीच मान्य नाही.

मात्र आपल्या पत्रातील खरी काळजीची बाब तो शिक्का आहे. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे 1891 पासून तेथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे झाले, म्हणून जपानी कारखाने ‘निप्पॉन’, म्हणजे जपानीत जपानचे नाव, लिहू लागले. 1921 पासून त्याजागी ‘जपान’ आले. त्यामुळे आपल्या थाळ्या फार तर 135 वर्षांच्या असतील, आणि या शिक्क्याच्या नकलाही बाजारात आहेत.

इमारी हे जपानमधील बंदराचे नाव. थाळ्या घडत त्या क्यूशू बेटावरील आरिता गावी, आणि 1650 च्या दशकापासून डच ईस्ट इंडिया कंपनी त्या युरोपला नेऊ लागली. त्या काळातील मोठी थाळी उलटी करून तळावरून बोट फिरवले, तर भट्टीतील टेकूंचे बारीक, खडबडीत ठिपके अनेकदा हाताला लागतात. निळा रंग काचेसारख्या चकाकीच्या थराखाली असतो, तर तांबडा आणि सोनेरी वरून चढवून पुन्हा भाजलेले असतात. भिंगातून पाहिल्यास कुंचल्याची रेघ कोठे जाड, कोठे बारीक होताना दिसते, आणि एकाच संचातील दोन थाळ्यांवरची तीच वेल थोडी निराळी वळते. हे पाहण्यात फार मोठा आनंद आहे. मागे चिनी अक्षरांत चीनच्या मिंग घराण्यातील सम्राट चेंगहुआचे नाव असले तरी त्यावरून काळ ठरत नाही, कारण आरिताचे कारागीर ते प्रथेने लिहीत.

निप्पॉन शिक्क्याचा हाताने रंगवलेला माल सुंदर असू शकतो, परंतु 300 वर्षांच्या वस्तूची किंमत त्याला देणे योग्य नव्हे. बिलावर काळ लिहिलेला आहे का ते पाहा, स्वतंत्र जाणकाराचे लेखी मत घ्या आणि विक्रेत्याकडे लेखी परतावा मागा. त्याने नकार दिल्यास ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते, म्हणून दिरंगाई करू नका.

परतावा येईल तेव्हा येईल, फी त्यावर अवलंबून ठेवू नका. कर्जाच्या हप्त्यासाठी आपण जे 17,000 रुपये काढणार होता, तेच याच महिन्यापासून आवर्ती ठेवीत भरा. 24 हप्त्यांत व्याज न धरताही 4 लाख 8 हजार जमतात.