चीनची फाइल आहे म्हणून मुलगी नोकरीला नको म्हणतीये

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा घाईत आणि एकदा रात्री शांतपणे. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी एम.फार्म झालीये, मुंबईतल्या एका कॉस्मेटिक कंपनीत रेग्युलेटरी अफेअर्सची, म्हणजे मालाला सरकारी परवानग्या मिळवायच्या कामाची ऑफर आलीये, पगार चांगला आहे, एज्युकेशन लोनचा हप्ता दोन महिन्यांत सुरू होतोय आणि ती नको म्हणतीये. का, तर इंटरव्ह्यूमध्ये सांगितलं की पहिलं वर्ष चीनच्या रजिस्ट्रेशनचं काम असेल, स्किनकेअर आणि हेअर कलर, आणि तिने वाचलंय की चीनमध्ये माल विकायचा म्हणजे प्राण्यांवर टेस्ट आलीच. तिचे बाबा म्हणतात हातची नोकरी सोडू नकोस, सशांची काळजी करायला जग पडलंय. तुम्ही दोघांच्या मधे अडकलाय आणि मला विचारताय, हे पोरीचं खूळ आहे का.

खूळ नाहीये. हे आधी सांगते कारण घरात सगळे मिळून तिला तेच ऐकवत असणार.

मी स्वतः फार्मसीवाली, पुढे बरीच वर्षं रेग्युलेटरीत काढली, मग या पत्रांना उत्तरं द्यायच्या कामात आले. शिकत असताना एका कंपनीच्या लॅबमध्ये प्रोजेक्टला होते, तिथे मी ड्रेझ टेस्ट, म्हणजे पदार्थ डोळ्याला किती झोंबतो ते सशावर बघायची टेस्ट, जवळून बघितलीये. अमेरिकेच्या एफडीएमधल्या, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्यातल्या जॉन ड्रेझ यांनी 1944 मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढे जगभर तीच चालली. ससा एका खोक्यात, मान तेवढी बाहेर. खालची पापणी हलकेच ओढून तिची खोबणी करायची, त्यात 0.1 मिलिलिटर शाम्पूचं द्रावण सोडायचं, सेकंदभर पापण्या मिटून धरायच्या आणि सोडून द्यायचं. दुसरा डोळा तसाच ठेवायचा, तुलनेसाठी. मग 1 तासाने, 24, 48, 72 तासांनी टॉर्च मारून बघायचं, डोळा किती गढूळ झालाय, किती लाल, सूज किती, आणि त्याला मार्क द्यायचे. वहीत ते मार्क मी लिहायचे. ससा ओरडत नाही हो, तो फक्त मान मागे घ्यायला बघतो आणि खोकं हलत राहतं. तो आवाज मला अजून आठवतो. त्यामुळे तुमच्या मुलीला जे वाटतंय ते खरं आहे आणि ते तिच्या कामाच्या आड येणारं नाही, उलट या कामात असं वाटणारी माणसंच कमी पडतात.

पण तिने जे वाचलंय ते अर्धं जुनं झालंय, आणि घोडं तिथेच अडलंय. चीनमध्ये आयात होणाऱ्या प्रत्येक कॉस्मेटिकची तिथल्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये प्राण्यांवर टेस्ट व्हायची, हे पूर्वी खरं होतं. 2014 च्या जूनअखेर तिथे बनणाऱ्या साध्या मालाला सूट मिळाली, आयातीला नाही. मग नवा कायदा 1 जानेवारी 2021 पासून आला आणि 1 मे 2021 पासून आयात होणाऱ्या साध्या कॉस्मेटिकलाही सूट मिळायला लागली, म्हणजे क्रीम, लोशन, शाम्पू, लिपस्टिक वगैरे. अट अशी की माल जिथे बनतो तिथल्या सरकारी खात्याचं जीएमपी प्रमाणपत्र, म्हणजे माल ठरलेल्या चांगल्या पद्धतीने बनतो याचा दाखला हवा, आणि सेफ्टी असेसमेंटचा, म्हणजे माल सुरक्षित आहे का याच्या तपासणीचा पूर्ण रिपोर्ट हवा. लहान मुलांसाठीचा माल किंवा अगदी नवा घटक असेल तर सूट नाही. आणि ज्याला ते विशेष गट म्हणतात, हेअर डाय, पर्म (केस कुरळे करायचे प्रकार), सनस्क्रीन, गोरेपणाचे किंवा डाग घालवायचे प्रकार, केसगळती थांबवायचे प्रकार, त्यालाही ही सूट नाही.

आता परत कंपनीने सांगितलेलं काम बघा. स्किनकेअर आणि हेअर कलर. एकाच टेबलावर दोन फाइली, एकीत कागद नीट भरले तर एकाही सशाला हात लागणार नाही, आणि दुसरीत कितीही नीट भरले तरी टेस्ट टळणार नाही. मुलगी सरसकट नको म्हणतीये आणि बाबा सरसकट हो म्हणतायत, दोघंही ही फाइल उघडून बघत नाहीयेत.

पहिल्या फाइलबद्दल मला मनापासून सांगायचंय. ती सूट आपोआप मिळत नाही. प्रमाणपत्र नसलं, रिपोर्ट अर्धवट असला, कुठल्या घटकाचा टॉक्सिकॉलॉजी डेटा, म्हणजे तो किती अपायकारक आहे याची माहिती, शोधायचा कंटाळा केला, की टेस्ट करून टाका हा सोपा रस्ता उरतो. तो रस्ता घ्यायचा की महिनाभर डोकं घालून डेटा गोळा करायचा हे मोठे साहेब ठरवत नाहीत, फाइल बनवणारी एक्झिक्युटिव्ह काय पुढे ठेवते त्यावर ठरतं. आपल्याकडे कॉस्मेटिक बनवायचं लायसन्स राज्याचं एफडीए देतं, तर तिथून कुठला कागद मिळतो आणि चीनच्या खात्याला तो चालतो का, हे ज्या पोरीला सशाची फिकीर आहे ती चार फोन जास्त करून शोधून काढेल.

दुसऱ्या फाइलबद्दल मात्र मी तिच्याच बाजूची आहे. "आम्ही प्राण्यांवर टेस्ट करत नाही, कायद्याने आवश्यक असेल तिथे सोडून" हे वाक्य तिला पुढे शंभर ठिकाणी दिसेल. वाक्य खोटं नसतं पण त्यातलं अर्धं लपलेलं असतं, कारण त्या देशात जा असं कायद्याने कुणालाच सांगितलेलं नसतं, जायचं हे कंपनी ठरवते, टेस्टचे पैसेही कंपनीच भरते. 2012 मध्ये एव्हॉन, मेरी के आणि एस्टी लॉडर या कॉस्मेटिक कंपन्यांची नावं पेटा या प्राणिहक्क संघटनेने आपल्या क्रुएल्टी-फ्री, म्हणजे प्राण्यांवर टेस्ट न करणाऱ्यांच्या यादीतून काढली ती याचसाठी. त्याच वर्षी अर्बन डिके या अमेरिकन मेकअप ब्रँडने जूनमध्ये जाहीर केलं की आम्ही चीनला जातोय, गिऱ्हाइकं भडकली, आणि जुलैत त्यांनी निर्णय मागे घेतला. एवढं मोठं मार्केट समोर असताना. 2017 मध्ये नार्स हा मेकअप ब्रँड चीनला गेला आणि तिथला नियम पाळावाच लागतो असं सांगून गेलाच. दोघांसमोर कायदा एकच होता.

आणि आपलं घर काचेचं नाही असं समजू नका. भारतात 2014 मध्ये कॉस्मेटिकची प्राण्यांवर टेस्ट करायला बंदी आली आणि त्याच वर्षी बाहेर टेस्ट झालेला माल आयात करायलाही. अभिमान वाटावा असंच आहे ते, युरोपने पूर्ण विक्रीबंदी केली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पण आपल्या कंपनीने आपला हेअर कलर बाहेर पाठवला आणि तिथल्या लॅबने सशावर घातला, तर आपला नियम त्याच्या आड येत नाही. इथे पॅकवर प्राण्यांवर टेस्ट नाही म्हणून सशाचं चित्र आणि तिथे ससा खोक्यात, असं एकाच कंपनीत होऊ शकतं. तुमच्या मुलीला नेमकं हेच खटकतंय असं मला वाटतं, तिला फक्त ते शब्दांत मांडता आलेलं नाही.

म्हणून लगेच नको म्हणायच्या आधी तिने एचआरला नाही तर ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्या मॅनेजरला मेल करावा, साधा आणि आदराने. चीनला नक्की कुठले प्रॉडक्ट, त्यातले विशेष गटातले किती. सरकारी जीएमपी प्रमाणपत्राचं काय ठरलंय. हेअर कलर रीतसर आयात करून दुकानात ठेवणार की क्रॉस-बॉर्डर ई-कॉमर्सने थेट गिऱ्हाइकाला पाठवणार, कारण त्या वाटेने पाठवलेल्या मालाला तिथलं रजिस्ट्रेशन लागत नाही आणि त्यामुळे ही टेस्टही होत नाही. आणि शेवटचं, मला फक्त साध्या गटाच्या फाइली देता येतील का. हे विचारायला घाबरायचं काही कारण नाही, रेग्युलेटरीत प्रश्न विचारणाराच कामाचा असतो. उत्तर मोकळेपणाने आलं तर ती कंपनी चांगली आहे. "हे तुमचं बघायचं काम नाही" असं आलं तर तिने नको म्हणावं, आणि बाबांना मी स्वतः फोन करून सांगेन की तिने बरोबर केलं.

नको म्हटलं तर पुढे काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे, लोन आहे ना. तिने सेफ्टी असेसमेंट आणि इन व्हिट्रो टॉक्सिकॉलॉजीकडे, म्हणजे प्राण्याऐवजी लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर टेस्ट करायच्या कामाकडे बघावं. युरोपात पात्र सेफ्टी असेसरच्या सहीशिवाय एकही क्रीम बाजारात येत नाही, त्यामुळे तिकडे एक्स्पोर्ट करणाऱ्या इथल्या कंपन्यांनाही हा रिपोर्ट समजणारी माणसं लागतात. सशाच्या जागी आता काय आलंय ते तिला एकदा बघू दे. माणसाच्या पेशींपासून वाढवलेली त्वचा, चण्याएवढी चकती, प्लेटच्या छोट्या खळग्यात ठेवलेली. त्यावर प्रॉडक्ट लावायचं, धुवायचं, थांबायचं, मग एक पिवळं द्रावण घालायचं. पेशी जिवंत असतील तर ते जांभळं होतं. जिवंत पेशी 50 टक्के किंवा त्याहून कमी उरल्या तर पदार्थ त्वचेला त्रास देणारा धरतात. टेस्टच्या पद्धती ठरवून देणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2010 मध्ये ही पद्धत मान्य केलीये. मी पहिल्यांदा तो जांभळा रंग चढताना बघितला तेव्हा मला आमची ती मार्कांची वही आठवली आणि डोळ्यात पाणी आलं, खरंच.

इन व्हिट्रोत सुरुवातीचा पगार या ऑफरपेक्षा कमी असू शकतो, हे लपवत नाही. बँकेत जाऊन हप्ता सहा महिने पुढे ढकलता येतो का ते आत्ताच विचारून ठेवा, म्हणजे पैशाच्या धाकाने पोरीला निर्णय घ्यावा लागणार नाही.

ऑफरला उत्तर द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मेल आज रात्रीच जायला हवा. तिने लिहिला की पाठवायच्या आधी मला दाखवा, मी अकरापर्यंत जागी आहे.