शिराकावा-गोची घरं बघायला आधी माळ्यावर चढा

जपानमधली गवताने शाकारलेली गाश्शो घरं (नमस्काराला जोडलेल्या हातांसारख्या उभ्या छपराची) अभ्यासायची म्हणताय, तर बाहेरून छपराचे फोटो काढण्यात अर्धा दिवस घालवू नका. ६० अंशांच्या आसपासचा उतार जोरदार बर्फवृष्टीसाठी आहे, हे कुठेही वाचायला मिळेल. शिराकावा-गोतल्या ओगिमाची गावातलं वादा घर आतून बघता येतं. तिथे सरळ माळ्यावर जा.

खालचा मजला सुतारांचा: खांब, तुळया, कूस (खोबणीत बसणारं लाकडाचं टोक) आणि खोबण. वरचं छप्पर मात्र गावकऱ्यांनी मिळून उभारलेलं, आणि त्यात खिळा नाही. वासे एकमेकांना दोरखंडाने आणि लवचिक कोवळ्या फांद्यांनी बांधलेले असतात. मोठ्या वाशांची खालची टोकं निमुळती तासून तुळईच्या खोबणीत नुसती टेकवलेली दिसतील. वारा-बर्फाचा भार आला की सांगाडा थोडा हलतो, म्हणूनच मोडत नाही. माझ्या मते सगळ्या घराची अक्कल या एका सांध्यात आहे. त्याचं रेखाचित्र हातानेच काढा.

लाकूड काळं दिसलं तर ती घाण समजू नका. चुलाण्याचा धूर वर झिरपून गवत, दोर, लाकूड सगळं कोरडं ठेवतो, कीड लागू देत नाही. याच माळ्यांवर रेशमाचे किडे पाळत. म्हणून इतकी मोकळी जागा आणि दोन्ही टोकांना खिडक्या.

घरांची तोंडं कुठे आहेत तेही होकायंत्राने तपासा. ओगिमाचीत छपराच्या त्रिकोणी बाजू बहुतेक उत्तर-दक्षिण असतात, त्यामुळे दोन्ही पाख्यांना ऊन मिळून बर्फ वितळतो. आणि माळ्यावर काडी पेटवायचा विचारही नको.