'एकाच वेळी दोन ठिकाणी' असं म्हणावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मुलांसाठी क्वांटम फिजिक्सवर मराठीत छोटा लेख लिहितायत. 'सुपरपोझिशन'ला (म्हणजे एकाच कणाच्या वेगवेगळ्या शक्य अवस्था एकत्र धरण्याची कल्पना) पुस्तकी प्रतिशब्द सापडला 'अध्यारोपण', तो कोणाच्या पचनी पडणार नाही म्हणून त्यांनी सरळ लिहिलं, "इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन ठिकाणी असतो". त्यांच्या मित्राने ते खोडलं आणि सुचवलं, "इलेक्ट्रॉन कुठे आहे ते आपल्याला माहीत नसतं" असं लिही. तर बरोबर काय, आणि अध्यारोपण शब्द ठेवायचा का?

आधी निकाल सांगते, मग कारणं. तुमचं वाक्य ढिलं आहे, मित्राचं वाक्य त्याहून वाईट आहे. कारण तुमचं वाचून मुलं निदान चक्रावतील आणि प्रश्न विचारतील, मित्राचं वाचून "हां, म्हणजे असतो कुठेतरी, आपल्याला दिसत नाही एवढंच" असं म्हणून शांत बसतील, आणि क्वांटममधली सगळी गंमत तिथेच संपली.

मराठीत आपण 'माहीत नाही' आणि 'ठरलेलं नाही' यात बोलताना नीट फरक करतो. माहीत नाही म्हणजे गोष्ट तिकडे पक्की आहे, आपल्यापर्यंत पोचलेली नाही. ठरलेलं नाही म्हणजे पोचायला अजून काही झालेलंच नाही. क्वांटमचा विचित्रपणा या दोघांच्या मधल्या फटीत आहे आणि बहुतेक मराठी लेख तिथेच पाय घसरून पडतात. 'अनिश्चितता' शब्दही तसाच, तो ऐकून माणसाला वाटतं की मोजणाऱ्याला खात्री नाहीये. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने 1927 साली अनिश्चिततेचं तत्त्व (कणाची जागा आणि वेग दोन्ही एकदम नेमके धरता येत नाहीत) मांडलं तेव्हा त्याच्या जर्मन लेखात जो एक शब्द येतो त्याचा अर्थ अनिर्धारितपणा, म्हणजे 'ठरलेलं नसणं' याच्या जवळ जातो, पुढे जगभर रूढ झाला तो मात्र खात्री नसण्याचा शब्द. असो, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता अध्यारोपण. हा शब्द लाटांच्या बाबतीत चांगला आहे, मला काही तक्रार नाही. पाण्यावर दोन बाजूंनी लाटा आल्या की त्या एकमेकींवर चढतात, उंचवट्यावर उंचवटा आला तर पाणी दुप्पट वर जातं, उंचवट्यावर खळगा आला तर पाणी सपाट. एकावर एक ठेवणं या अर्थाने अध्यारोपण अगदी फिट्ट. पण हाच धातू वेदान्तात गेला की गडबड होते. तिथे अध्यारोप म्हणजे जे नाही ते दुसऱ्यावर लादणं, आणि त्याचं ठरलेलं उदाहरण अंधारातल्या दोरीवर साप दिसण्याचं. आता बघा, तिथे दोरी ही पहिल्यापासून दोरीच होती, दिवा आणला की भ्रम गेला. हे तंतोतंत तुमच्या मित्राचं वाक्य आहे! इलेक्ट्रॉनच्या बाबतीत नेमकं हेच लागू होत नाही, तिथे दिवा आणून "अरे ही तर आधीपासून दोरीच होती" असं म्हणता येत नाही. म्हणजे ज्याला संस्कृत परंपरेची थोडी ओळख आहे त्या वाचकाला अध्यारोपण शब्द उलट्या दिशेला घेऊन जाण्याची शक्यता आहे, आणि ज्याला नाही त्याला त्यात फक्त 'आरोप' ऐकू येतो.

दिवा आणून का भागत नाही हे कळायला एक प्रयोग डोळ्यासमोर हवा, त्याशिवाय शब्दांची चर्चा हवेतली राहील.

एक पातळ पत्रा, त्याला दोन चिरा, पलीकडे पडदा. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठातल्या गटाने 2013 मध्ये हे इलेक्ट्रॉन घेऊन केलं, चिरा होत्या 62 नॅनोमीटर रुंद आणि एकमेकींपासून 272 नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि पुढे एक सरकती झडप, जी सरकवून डावी किंवा उजवी चीर झाकता येत होती. इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडायचे की एका वेळी वाटेत एकच असेल. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच टिंब उमटवतो, अर्धं टिंब कधीच नाही, धूसर डागही नाही. पहिली थोडी टिंबं कशीही विखुरलेली वाटतात, मोजत राहिलं की हळूहळू त्यातून पट्टे वर येतात, दाट, विरळ, दाट, विरळ. एकट्याने आलेल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या इलेक्ट्रॉनांनी मिळून पट्टे काढलेत. (टिंबांतून पट्टे वर येताना बघायचे असतील तर जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला 1989 चा प्रयोग जास्त प्रसिद्ध आहे, तिथे चिरांऐवजी एक बारीक भारित तार होती, बाकी मतलब तोच.)

आता पडद्यावरच्या एका विरळ पट्ट्यातली एकच जागा धरा. फक्त डावी चीर उघडी ठेवली तर या जागी इलेक्ट्रॉन येतात. फक्त उजवी उघडी ठेवली तरी येतात. दोन्ही उघडल्या की जवळजवळ एकही येत नाही. हे वाक्य घाईत वाचू नका, सगळं इथेच आहे. एक दार उघडं होतं तेव्हा येत होते, दुसरं दारही उघडलं तर यायचे बंद झाले.

इथे आपला 'किंवा' कोसळतो. "इलेक्ट्रॉन डावीकडून गेला किंवा उजवीकडून गेला, आपल्याला माहीत नाही" असं धरलं तर डावीकडून जाणाऱ्याला उजवी चीर उघडी आहे की बंद याच्याशी देणंघेणं नसायला हवं, आणि दोन्ही उघड्या असताना त्या जागी टिंबांची बेरीज व्हायला हवी, म्हणजे वाढच. ती शून्यावर येते. साध्या न कळण्यातून वजाबाकी कधीच निघत नाही हो, अज्ञान कितीही मोठं असलं तरी शक्यता एकमेकींना खोडत नाहीत.

मग 'आणि' घ्यावा का, "डावीकडूनही आणि उजवीकडूनही"? तर दोन्ही चिरांपाशी इलेक्ट्रॉन पकडणारं यंत्र लावून बघा. दर वेळी एकाच ठिकाणी सापडतो, अख्खा सापडतो, दोन्हीकडे अर्धा अर्धा असा कधीही नाही, दोन्हीकडे अख्खा असाही नाही. म्हणजे 'दोन ठिकाणी असतो' म्हणालात तर मुलं विचारणार की मग दोन ठिकाणी सापडत का नाही, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. 'कणही आणि लाटही' या लाडक्या वाक्याचाही रोग हाच, तोच 'आणि' तिथे फुकटचा बसवलेला आहे.

गणित काय करतं ते सांगते, घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे. प्रत्येक वाटेला एक आकडा मिळतो आणि त्या आकड्याला चिन्ह असतं, अधिक किंवा उणे (खरं तर तो बाण असतो, कुठल्याही दिशेला वळू शकणारा, पण चिन्हाने काम भागतं). आधी दोन्ही वाटांचे आकडे मिळवायचे आणि मग जो येईल त्याचा वर्ग करायचा, तो वर्ग म्हणजे तिथे टिंब पडण्याची शक्यता. माक्स बॉर्नने 1926 मध्ये हे मांडलं, आणि गंमत म्हणजे 'वर्ग करा' ही दुरुस्ती त्याने तळटीपेत घातली होती, त्या तळटीपेच्या कामाला 1954 मध्ये नोबेल मिळालं. तर अधिक 1 आणि उणे 1 मिळवले की शून्य, तो विरळ पट्टा. अधिक 1 आणि अधिक 1 म्हणजे 2, वर्ग 4, म्हणजे दाट पट्ट्यात एका चिरेच्या दुप्पट नाही तर चौपट टिंबं. शक्यता स्वतः कधी उणे नसते, म्हणून शक्यता नुसत्या मिळवून शून्य येणार नाही, शक्यतेच्या एक पायरी खाली असलेले आकडे मिळवावे लागतात. क्वांटमला वेगळं करणारी गोष्ट ही एवढीच आहे असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

त्यामुळे मला विचाराल तर सुपरपोझिशनसाठी साधा शब्द 'बेरीज'. अवस्थांची बेरीज. त्यात उणे येऊ शकतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि 'आहे-नाही'च्या भांडणात तो शब्द पडत नाही. एक इशारा, 'मिश्र अवस्था' म्हणू नका. ऐकायला छान वाटतं पण फिजिक्समध्ये मिश्र अवस्था म्हणजे बरोब्बर तो 'किंवा'वाला प्रकार, जिथे खरंच आपल्याला माहीत नसतं आणि पट्टे येत नाहीत. म्हणजे ज्यापासून वाचायचं तेच नाव दिल्यासारखं होईल.

तुमच्या लेखात पुढे "आपण बघितलं की इलेक्ट्रॉन बदलतो" असंही एक वाक्य आहे म्हणालात, ते तर काढाच. 'बघणं', 'निरीक्षण' हे शब्द आले की वाचकाच्या मनात डोळे असलेला माणूस उभा राहतो, आणि मग तिथून मन, चैतन्य, सकारात्मक विचार असं जे सुरू होतं ते आवरत नाही. कोणी बघायची गरज नसते. व्हिएन्नात झाइलिंगर आणि आर्न्ट यांच्या गटाने 1999 मध्ये 60 कार्बन अणूंच्या रेणूंचे असे पट्टे दाखवले, मग 70 कार्बनच्या रेणूवर दोन खेळ केले. एकदा यंत्रात थोडा वायू सोडला, वायूचे कण त्या रेणूंना धडकायला लागले तसे पट्टे फिके होत गेले. दुसऱ्यांदा 2004 मध्ये लेझरने रेणू आधीच इतके तापवले की ते वाटेत स्वतःहून प्रकाश टाकायला लागले, जास्त तापवले तसे पट्टे पुसत गेले. त्या प्रकाशाकडे कोणी डोळे लावून बसलं नव्हतं, तो जाऊन यंत्राच्या भिंतीत जिरला असेल, पण "मी कुठून गेलो" याचा माग बाहेर सांडला होता आणि तेवढं पुरतं. म्हणून 'बघितलं की' ऐवजी 'माग राहिला की' किंवा 'कुठेही नोंद उमटली की' असं लिहा. 'माग' हा त्यासाठी फार नेमका शब्द आहे, चोराचा माग काढतात तोच, माग राहतो तेव्हा तो काढणारा हजर असावाच लागत नाही. आणि रोजच्या वस्तूंचे पट्टे का दिसत नाहीत तेही यातून आपोआप सांगता येतं, मोठ्या वस्तूचा माग हवेच्या प्रत्येक कणावर सतत सांडत असतो. तरी मर्यादा ढकलणं चालू आहे, 2019 मध्ये त्याच शहरातल्या गटाने जवळपास 2000 अणूंच्या रेणूंचे पट्टे दाखवले.

मित्राच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डेव्हिड बोमने 1952 मध्ये असं चित्र मांडलं की इलेक्ट्रॉन खरोखर एकाच चिरेतून जातो आणि एक लाट त्याला वाट दाखवते, ती लाट मात्र दोन्ही चिरांतून जाते. आकडे सगळे तेच येतात. म्हणजे 'माहीत नाही' म्हणायला जागा आहे, पण ती फुकट मिळत नाही, ती लाट सोबत घ्यावीच लागते, शिवाय जॉन बेलने 1964 मध्ये दाखवल्याप्रमाणे आधीच ठरलेली उत्तरं घेऊन फिरणारे कण हवे असतील तर दूरच्या गोष्टींचा एकमेकींवर ताबडतोब परिणाम होतो असं काहीतरी मान्य करावं लागतं. हे तपासणारे प्रयोग झाले, असा दूरचा परिणाम नसेल तर निकाल कुठवर जाऊ शकतात ही बेलने सांगितलेली मर्यादा त्यांनी ओलांडली आणि त्या कामासाठी 2022 चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना मिळालं. मित्राला हे सगळं लेखात घालायचं असेल तर खुशाल 'माहीत नाही' लिहू द्या, नुसतं ते वाक्य टाकून सुटता येणार नाही.

श्रोडिंजर या भौतिकशास्त्रज्ञाच्या मांजराबद्दलही विचारलंय (कल्पनेतलं, पेटीत बंद मांजर, ज्याचं जगणं-मरणं एका अणूवर टांगलेलं आहे). "मांजर एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं असतं" हे क्वांटमचं उदाहरण म्हणून देतात, पण 1935 मध्ये त्याने ते दिलं होतं ते हे चित्र जसंच्या तसं मोठ्या वस्तूंना लावलं तर किती हास्यास्पद होतं हे दाखवायला. टाकायचं तर तेवढं सांगून टाका. नाहीतर वगळा, मुलांना मांजरच लक्षात राहतं.

क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा. त्या कॉम्प्युटरच्या बातम्यांतलं "क्युबिट एकाच वेळी 0 आणि 1 असतो, म्हणून सगळी उत्तरं एकदम तपासतो" हे वाक्यही त्याच 'आणि'चं पिल्लू. मोजलं की क्युबिट 0 किंवा 1 यातलं एकच देतो, सगळी उत्तरं एकदम हातात येत नाहीत. कमाई होते ती चिन्हांतून, चुकीच्या उत्तरांचे आकडे एकमेकांना खोडतील आणि बरोबर उत्तराचे मिळत जातील अशी मांडणी करणं हे खरं कसब, आणि ते मोजक्याच प्रकारच्या गणितांत जमतं.

तर तुमच्या वाक्याच्या जागी मी असं लिहीन: "इलेक्ट्रॉन कुठल्या चिरेतून गेला हे ठरलेलं नसतं, तो कुठे पडेल याचा हिशोब करताना दोन्ही वाटा धराव्या लागतात." जरा लांब झालं, पण त्यात 'असतो' हे क्रियापद इलेक्ट्रॉनच्या जागेला लावलेलं नाही. अध्यारोपण शब्द एकदा कंसात देऊन ठेवा, पुढे मोठ्या पुस्तकात भेटला तर ओळख पटेल. आणि सुपरपोझिशन की सुपरपोजिशन, तर मराठीत 'पोझिशन' रुळलेलं आहे म्हणून झ बरा, पण जे घ्याल ते शेवटपर्यंत एकच ठेवा.