ठिबकचं अनुदान अडकलंय? आधी बिलाची तारीख बघा

परतूरकडच्या एका दादांचा प्रश्न आलाय: "साहेब, दीड एकर कपाशीला ठिबक केलं, डीलर म्हणला ८० टक्के सबसिडी दोन महिन्यात खात्यावर, आता पाच महिने झाले, महाडीबीटी पोर्टलवर अर्ज हाय तिथंच हाय."

दादा, तुमचे कागद बघितले. बिल १२ मेचं, पूर्वसंमती, म्हणजे आमच्या कृषी खात्याची आधीची मंजुरी, ३ जूनची. घोडं इथंच अडलंय. पूर्वसंमती हातात यायच्या आधी घेतलेल्या मालाला अनुदान नाही, आणि हे तुमच्या डीलरला चांगलं माहिती होतं, त्याला फक्त सिझनमध्ये माल काढायचा होता. "आत्ता घ्या, कागद मी मागून बसवतो" असं जो म्हणेल त्याच्या दुकानाची पायरी उतरा. मागून काही बसत नाही, तारीख बिलावर छापलेली असते.

आणि ८० टक्के कशाचे ते पण ऐका. बिलाचे नाही, सरकारी मापदंडाचे, म्हणजे सरकारनं ठरवून दिलेल्या खर्चाचे. अल्प-अत्यल्प भूधारकाला (२ हेक्टरपर्यंत जमीन) ८०, बाकीच्यांना ७५, मर्यादा ५ हेक्टर, रानात विहीर, बोअर अशी पाण्याची सोय पाहिजे. आता सोडत नाही, ज्याचा अर्ज आधी त्याचा नंबर आधी. बाकी पोर्टलवर आहे.

डीलरची दुसरी खोड म्हणजे बिलात नळी ४ फुटावर दाखवायची आणि रानात ५ फुटावर अंथरायची, म्हणजे नळी कमी लागते. मोका तपासणीला, म्हणजे रानात येऊन पाहणी करताना, आम्ही टेप घेऊनच येतो हो! एका रानात चार ओळी मोजल्या, चारही ठिकाणी पाच फूट, शेतकरी बिचारा माझ्याकडं बघतोय आणि डीलरचा फोन बंद. फाइल शेतकऱ्याचीच अडकली, डीलरची नाही. तिसरं, अर्जात मोबाईल नंबर स्वतःचाच टाका. डीलरचा टाकला की ओटीपी त्याला, मेसेज त्याला, तुम्ही नुसते आमच्याकडं चकरा मारता.

दुसरा प्रश्न: "पोर्टलवर पैसे जमा दाखवतंय, पासबुकात नाहीत." पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. खूप जणांनी सिमकार्ड घेताना अंगठा दिला आणि तिथंच एक खातं उघडलं गेलं, त्यात पडलेले असतात. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला लिंक आहे ते विचारा. पीएम किसानच्या २ हजारांचं पण बऱ्याचदा हेच असतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हप्त्याच्या नावानं एपीके फाइल (मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकणारी) आली तर उघडू नका, खातं रिकामं होतं.

तिसऱ्या प्रश्नावर मला खरंच राग येतो. "दुकानदार म्हणतो एकरी एक गोणी युरिया एकदाच ठिबकमधून सोडा, सोबत लिक्विडच्या दोन बाटल्या घेतल्या तरच गोणी देतो." गोणी ४५ किलोची, किंमत २६६ रुपये ५० पैसे, त्यासोबत दुसरं काही गळ्यात मारणं बेकायदेशीर आहे. पॉस मशीनचं (दुकानातलं अंगठा घेऊन बिल काढणारं यंत्र) बिल मागा, नाही दिलं तर आमच्याकडं तक्रार द्या. आणि अख्खी गोणी एकदम? नका हो. कपाशी नुसती काळी हिरवी माजते, मावा-तुडतुडे येतात, पात्या (कळ्या) गळतात, मग त्याच दुकानात फवारणीचं औषध आणायला तुम्हीच जाता.

मी सगळ्यांना एकच सांगतो, थोडं थोडं द्या. आठवड्याला एकरी ५ ते ७ किलो युरिया, आधी १५-२० मिनिटं साधं पाणी, मग खत, मग परत १५-२० मिनिटं साधं पाणी. पाऊस पडून रान वापशावर नसेल, म्हणजे अजून चिखल असेल, तर त्या आठवड्यात खत सोडूच नका, दुकानदार काही पण म्हणू दे.

आणि दर पंधरा दिवसाला नळ्यांची शेवटची टोकं उघडा. पहिल्यांदा लालसर गढूळ पाणी येतं, ते नितळ होईस्तोवर तिथंच थांबा, मगच टोक बंद करा.